कोतवालाची खुर्ची

सरकार आमच्या घरी पहिल्यांदा आलं तेव्हा त्यानं चपला बाहेर काढल्या होत्या. तोवर मी सरकार पाहिलंच नव्हतं असं नाही. तलाठी पाहिला होता, देवीची लस टोचणारा पाहिला होता, एकदा लांबून जीपमधला तहसीलदारही पाहिला होता. पण ते सगळं सरकार पायताणासकट यायचं आणि उंबऱ्याबाहेरूनच ओरडून जायचं. हे सरकार म्हणजे एक बाई होती. पिवळ्या सुती लुगड्यातली, खांद्याला पर्स अडकवलेली, माझ्या मोठ्या मावसबहिणीच्या वयाची. दाराशी थांबून तिनं विचारलं, "येऊ का?" आमच्या वस्तीत घरात यायला कोणी विचारत नसे. त्यामुळे हो म्हणायचं की काय म्हणायचं, ते आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही. ती बिचारी बराच वेळ तशीच उभी राहिली.

पण आधी घराचं सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. आमचं गाव बाभुळगावहून पायी निघालं तर खाल्लेली भाकर जिरेल इतकं लांब. वारं तिकडून असलं की तिथल्या जिनाचा भोंगा आमच्या अंगणात ऐकू यायचा. माझा बाप त्या जिनात कापसाच्या गठाणी बांधायचा. मी लहान असताना तो काविळीनं गेला, आणि त्याच्या जागी नाही, पण त्याच जिनात माय जाऊ लागली. सरकी वेगळी करायच्या रेच्यांपुढं बायका कापूस टाकायच्या, त्यांत ती एक. संध्याकाळी परत यायची तेव्हा तिच्या पापण्यांवरसुद्धा कापसाची लव असायची. ती लव झटकायच्या आत मी तिला एकदा डोळे मिटायला लावायची, तेव्हा ती फार म्हातारी दिसायची आणि मला हसू यायचं. आता आरशात तशीच दिसते मी, लव न लावता.

घरात तिसरी आत्याबाई. बापाची मोठी बहीण. बाप गेला तेव्हा मौतीला म्हणून आली ती परत गेलीच नाही. तिकडं तिची वाट पाहणारं कोणी नव्हतं आणि इकडं बोलायला माणसं होती. माय दिवसभरात जेवढं बोलायची तेवढं आत्याबाई तंबाखू मळता मळता बोलून घ्यायची. हाताला मात्र तिच्यासारखी चव कोणाला नव्हती. लांब रोट्या करायला बसली की वस्तीतल्या बाया पाहायला यायच्या. गव्हाचं पीठ पाण्यात असं सैल भिजवायची की ते तिच्या बोटांतून गळायला पाहायचं, मग दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मटक्यावर अंगावरची शाल काढून टाकावी तशी टाकायची. रोटीतून आरपार चूल दिसायची. पण गहू आमच्याकडं सणालाच दिसत. बाकी वर्षभर ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, आणि वर आत्याबाईचं बोलणं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडाला अळी लागायची, अळीला फवारा लागायचा, आणि एवढं करून जो कापूस हाती यायचा तो खरेदी केंद्राबाहेर गाडीवरच पडून राहायचा. बाभुळगावच्या रस्त्यावर बैलगाड्यांची ही लांब ओळ. बैल जुवापाशी बांधलेले, धनी गाडीखाली निजलेला, घरचं कोणी भाकर घेऊन आलं तर आपली गाडी ओळखत फिरायचं. विकल्या कापसाचे पैसे, चुकारे, कधी मिळतील ते विचारायचीही लोकांना लाज वाटू लागली होती. मग एका सकाळी जिनाचा भोंगा वाजला नाही. वारं तिकडून होतं, तरी वाजला नाही. माय अंगणात उभी राहून ऐकत राहिली. आत्याबाई म्हणाली, "सुभद्रे, भोंग्याची वाट पाहून राह्यली का? तो काई तुह्या घरचा कोंबडा नोहे, उद्या आरवन म्हनाले." तो पुढं आरवला नाहीच.

माय लोकांच्या वावरात वेचायला जाऊ लागली. पण कापूसच कमी, वेचणाऱ्या बाया जास्त. मुकादम म्हणायचा, "पोरीले घेऊन येत असशीन त ये, दोन हात जादा होतीन." मी तेव्हा गावच्या शाळेत सातवीत. पुढची शाळा बाभुळगावला. पुस्तकं, कपडे, पावसाळ्यात एस.टी.; आणि सगळ्यात मोठं म्हणजे माझे दोन हात मायच्या हातांबरोबर वावरात असले तरच तिला काम, असं ते गणित होतं. सातवी झाली की शाळा संपली, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पण माय माझ्यासाठी वेचणीची ओटी, कापूस टाकायला कमरेला बांधतात ती झोळी, शिवायला बसली तेव्हा मला कळलं.

वानखडे गुरुजी घरी आले ते त्या ओटीच्या वेळी. शाळेत ते कमी शिकवायचे आणि जास्त रागवायचे, पण माणूस बरा. उंबऱ्यावर टेकून म्हणाले, "सुभद्राबाई, एक योजना आहे. ज्या लेकराला बाप नाही त्याचं शिक्षण सरकार पाहते, घरीच ठेवून. फक्त आधी यवतमाळची समाजसेविका येऊन घर पाहून जाते."

"घर पाहाले?" आत्याबाईनं चिमूट तोंडात टाकता टाकता थांबवली. "पोरगी पाहाले येतात तसं?"

"तसंच म्हणा. पसंत पडलं पाहिजे."

गुरुजींनी असं म्हणायला नको होतं. त्या एका शब्दानं पुढचं सारं झालं.

आता आमच्या वस्तीची एक रीत सांगते. पाहुणा कोणाच्याही घरचा असो, भांडी साऱ्या वस्तीची. कोणाकडून कपबशा, कोणाकडून सतरंजी, कोणाकडून मोराची चादर. न मागता यायचं आणि न सांगता परत जायचं. हे आमचं नाही असं पाहुण्यापुढं म्हणणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान आणि पाहुण्याचाही. सोयरिकी अशाच जमल्या, मुलींची लग्नं अशीच झाली. नवरी सासरी गेल्यावर कळायचं की जी गादी पाहून ती भुलली ती शेजारच्यांची होती. मग तीही पुढच्या पाहुण्याला आपली परात नेऊन द्यायची. या रीतीचा मुकुटमणी म्हणजे कोतवालाची खुर्ची. सागवानी, दोन हातांची, कोण्या बदलून जाणाऱ्या साहेबानं त्याला दिलेली. वस्तीत हात असलेली खुर्ची ती एकच. कोतवाल स्वतः तिच्यात कधी बसला नसेल. ती सदा कोणाच्या तरी घरी पाहुण्याखाली असायची.

तर मॅडम यायच्या दिवशी आमचं घर मीसुद्धा ओळखलं नाही. मधोमध खुर्ची. फळीवर कोणाकोणाची स्टीलची भांडी, इतकी की भिंतीवरच्या दोन तसबिरी त्यांच्या उजेडात उजळून गेल्या होत्या. कोपऱ्यात शंकरकाकाचा रेडिओ. शंकरकाका मनाचा मोठा, पण त्याचा मोठेपणा सेलपर्यंत पोचत नसे. रेडिओ दिला तो सेल काढून. चुलीवर मटकं पालथं, आणि आत्याबाई दोन्ही हातांवर रोटी झेलत बसलेली, जणू रोजच बसते.

मॅडमचं आडनाव पाटणे. नवीनच नोकरीला लागलेल्या. खुर्चीत अगदी कडेला बसल्या, आणि आधी मला नाव, वर्ग विचारला. मग इकडं तिकडं पाहून म्हणाल्या, "रेडिओ छान आहे. चालतो का?"

"चालते ना," आत्याबाई म्हणाली. "साऱ्या जगाच्या बातम्या यावरच येतात."

मॅडमनी उठून बटण फिरवलं. काहीच आलं नाही.

"दुपारचा झोपते तो," आत्याबाई म्हणाली.

मॅडम हसल्या. नंतर ताटाकडं पाहून हळूच विचारलं, "जेवण रोज असंच असतं?"

"छ्या. सनासुदीले अखीन जास्त असते."

माय दाराआड पदर धरून उभी होती. तिनं एकदा आत्याबाईकडं पाहिलं, पण पाहुण्यासमोर काही बोलणं रीतीत नव्हतं. मॅडम जेवल्या, दुसऱ्यांदा रोटी मागून घेतली, हात धुतले आणि गेल्या. जाताना माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "खूप शिक." खुर्ची कोतवालाकडं पोचायच्या आत आत्याबाईनं साऱ्या वस्तीला सांगून टाकलं की पोरगी पास.

गुरुजी काही दिवसांनी आले ते डोकं खाजवत. "मॅडमनी लिहिलं, कुटुंब सुस्थितीत आहे."

"मंग? चांगलंच लिवलं की."

"चांगलं लिहिलं म्हणूनच नामंजूर. मदत गरजू लेकरासाठी असते, आत्याबाई."

आत्याबाईला ते कळायला वेळ लागला. "म्हनजे पाहुन्याले उपाशी वापस धाडलं असतं त पोरगी शिकली असती?"

"तसंच समजा."

"वा रे सरकार," ती म्हणाली आणि प्रथमच तंबाखूची पुडी न उघडता बसून राहिली.

गुरुजींनी खटपट करून पुन्हा पाहणीचा दिवस ठरवून घेतला. परत परत बजावलं, "या वेळी जे आहे तेच दाखवा." पण जे आहे ते दाखवणं हा प्रकार आमच्या वस्तीला ठाऊकच नव्हता. आत्याबाई अंगणात उभी राहून म्हणाली, "सरकारले गरिबी पाहाची हाये काय? मंग पाहू दे पोटभर." आणि ज्या वस्तीनं आम्हाला श्रीमंती उसनी दिली होती ती आता गरिबी घेऊन आली. खोटं वाटेल, पण गरिबीही चांगल्या चांगल्या घरांतूनच आली. शेजारच्या शांताबाईनं आपली सगळ्यांत फाटकी वाकळ आणून दिली आणि म्हणाली, "जपून ठेवजो वं, माह्या सासूच्या हातची हाये." कोणी फुटका रांजण आणला, कोणी रॉकेलची काळीकुट्ट चिमणी. कोतवालानं खुर्ची नाही आणली; उलट आमची बाज, आमच्या दोन बकऱ्या आणि मायची लग्नातली उतरंड आपल्या घरी नेऊन ठेवली. कोणीतरी एक खरजुलं कुत्रं आणून दाराशी बांधलं.

"हे कायले?" माय म्हणाली.

"शोभा येते," आत्याबाई म्हणाली.

मायनं तेवढं ऐकून घेतलं. पण आत्याबाईनं चुलीत पाण्याचा गडू ओतला तेव्हा तिचा आवाज चढला. "बाई, चूल इझवनं बरं नोहे. मानूस मेल्यावर इझवतात."

"दोन घडीची गोठ हाये, सुभद्रे. पोरीच्या शाळेसाठी."

शाळेसाठी म्हटल्यावर माय बाजूला झाली. माझ्या अंगात शेजारच्या धाकट्या पोरीचा, उसवलेला फ्रॉक. मला ताकीद होती की हसायचं नाही आणि कुत्र्याशी खेळायचं नाही. दोन्ही कठीण होतं, कारण ते कुत्रं सारखं माझ्याकडं पाहून शेपूट हलवत होतं.

मॅडम आल्या, आणि दारातच त्यांचा चेहरा पडला. घरात बसायला काही नव्हतं. ओल्या चुलीचा वास. भिंतीशी ती वाकळ. त्यांनी मला जवळ घेतलं. "जेवलीस का बाळा?" मी आत्याबाईकडं पाहिलं. आत्याबाईनं आढ्याकडं पाहिलं. मी काहीच बोलले नाही, आणि न बोलण्याचा अर्थ त्यांनी त्यांच्या मनानं लावला. पर्समधून बिस्किटाचा पुडा काढून माझ्या हातात दिला. त्यांचे डोळे भरलेले होते. "मागच्या वेळी सगळं होतं ना हो," त्या आत्याबाईला म्हणाल्या, "काय झालं?"

"काय सांगू बाई," आत्याबाई म्हणाली, "कापसानं खाल्लं."

तेवढं मात्र खरं बोलली. सारा तालुका कापसानं खाल्ला होता. फक्त आमची उतरंड खाल्ली नव्हती, ती कोतवालाकडं होती.

आता, इतक्या वर्षांनी, परवा आमच्या घरी एक मुलगा आला, हातात मोबाईल, घराची पाहणी करायला. पक्कं की कच्चं, फ्रिज आहे का, गाडी आहे का. माझ्या सुनेनं मला खुणेनं विचारलं, फ्रिजवर चादर टाकू का? मला इतकं हसू आलं की त्या मुलानं "आजी, पाणी देऊ का" म्हणून विचारलं. माझ्याच घरात मलाच पाणी. मी सुनेला म्हटलं, राहू दे, आमच्या घराण्यानं हे सगळं दोन्हीकडून करून पाहिलंय.

तर, दुसऱ्या पाहणीनंतर गुरुजी आले ते डोक्यावरची टोपी काढून. मला वाटलं, मंजूर झालं. ते मायला म्हणाले, "मंजूर झालं, पण वेगळं झालं. मॅडमनी लिहिलं, मुलीला या घरात ठेवणं योग्य नाही. यवतमाळच्या बालगृहात ठेवावं. तिथं राहणं, खाणं, शाळा, सारं सरकारचं. पुढच्या महिन्यात न्यायला येतील."

माय सूप घेऊन बसली होती. ते तिच्या हातात तसंच राहिलं. "न्यायला म्हनजे?"

"शिकेल तरी," गुरुजी म्हणाले, पण त्यांचा आवाज त्यांनाच पटत नव्हता.

ते गेल्यावर घर इतकं शांत झालं की शेजारच्या घरी वरणाला फोडणी बसली ती आमच्या घरात ऐकू आली. आत्याबाई एक वाक्य बोलली, "म्या त चांगल्यासाठीच केलं," आणि मायनं उत्तर दिलं नाही. पुढं कितीतरी दिवस दिलं नाही. त्या दोघींमध्ये निरोप्या मीच झाले. "आत्याबाईले म्हन, वरन झालं." "मायले सांग, मीठ कमी हाये." आत्याबाईसारखी बाई, तिला बोलायला कोणी नाही म्हणजे काय, ती त्या कुत्र्याशी बोलायची. कुत्रं परत न्यायला कोणी आलंच नव्हतं. मी मात्र मनातल्या मनात यवतमाळची शाळा पाहत होते. मोठी, दगडी, खिडक्यांना काचा. मग रात्री मायच्या कुशीत शिरले की ती शाळा नको वाटायची, आणि सकाळी मायनं ती ओटी उचलली की पुन्हा हवी वाटायची. शाळा आणि माय, या दोन्हींतलं एक उचल, असं कोणी बारा-तेरा वर्षांच्या पोरीला सांगू नये. सरकारनं तर मला विचारलंही नाही.

न्यायला यायचं होतं जीपनं. पण त्या आठवड्यात खरेदी केंद्रावर लोकांचा संताप झाला, गाड्या आडव्या घातल्या, आणि यवतमाळच्या साऱ्या जीपा तिकडं लागल्या. पाटणे मॅडम एस.टी.नं बाभुळगावला आल्या आणि तिथं अडकल्या. शेवटी आमच्या गावचा एक गाडीवाला रांगेत वाट पाहून कंटाळून भरलेली गाडी तशीच घरी आणत होता, त्यानं त्यांना बसवून घेतलं. त्या दिवशी सरकार आमच्याकडं कापसाच्या ढिगावर बसून आलं. केसांत कापूस, पदराला कापूस, पापण्यांवर लव. ठरल्या दिवसाच्या आधीच आल्या होत्या, जीपची वाट पाहिली तर ती कधी मिळेल कोण जाणे म्हणून. त्यामुळं वस्तीत कोणाला पत्ता नव्हता. ना खुर्ची आली, ना वाकळ.

रविवार होता. माय घर सारवत होती, कोपरापर्यंत शेणात हात. आत्याबाई बाहेर शेंगा सोलत बसलेली. मॅडम दारात आल्या आणि म्हणाल्या, "येऊ का?"

"ओलं हाये," माय म्हणाली. "तिथंच थांबा."

सरकारला थांबा म्हणणारी माझी माय त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिली. तिनं हात धुतले, बाज अंगणात टाकली, मॅडमना बसवलं, पाणी दिलं. मग आत जाऊन भाकर आणि अंबाडीची भाजी घेऊन आली. "आज एवढंच हाये. भूक लागली असन."

मॅडमना खरंच लागली होती. अर्धी भाकर संपल्यावर त्यांनी मान वर केली, खांबाला बांधलेल्या बकऱ्या पाहिल्या, दारातून दिसणारी उतरंड पाहिली, पेटलेली चूल पाहिली. "या बकऱ्या कोणाच्या?"

"आमच्या."

"मागच्या वेळी नव्हत्या."

"मागच्या वेळी कोतवालाकडं होत्या. ही बाज बी."

"सुभद्रे," आत्याबाई हळूच म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती सरळ मायशी बोलली ती अशी.

"आणि रेडिओ?"

"तो शंकरभाऊचा. खुर्ची कोतवालाची. कपबशा शांताबाईच्या."

"आणि ती फाटकी वाकळ?"

"ते बी शांताबाईचीच."

मॅडमनी घास खाली ठेवला. कुत्रं त्यांच्या पायाशी येऊन बसलं होतं. "हे तरी तुमचं?"

"ते कोनाचं हाये हे अजून कोनाले ठाव नाई," माय म्हणाली.

आत्याबाईनं डोक्यावरून पदर पुढं ओढला. तिची अख्खी वस्ती, तिची सगळी रीत, तिच्या भावजयीनं एका ताटावर मांडून सरकारला वाढली होती. मला वाटलं आता मॅडम रागावतील. त्या आधी हसल्या, मग त्यांचं हसू गेलं. "मी एकाच घराचे दोन अहवाल दिलेत," त्या म्हणाल्या, "एक सुस्थितीचा, एक उपासमारीचा. आता तिसरा कसा देऊ? साहेब म्हणतील, ही बाई जाते तरी कुठं? आणि मुलीला नेलं नाही तर दुसऱ्या अहवालाचं काय सांगू?"

"सही माही लागते ना, पोरगी न्याची त?" माय म्हणाली.

"लागते."

"मी देत नाई."

"मग शाळेची मदत मिळणार नाही, बाई. नियमात एक तर घर चांगलं असतं, नाहीतर वाईट."

माय बाजेपाशी खाली बसली. मी तिच्या पाठीला टेकून बसले होते. ती बोलू लागली तसा तिचा श्वास मला पाठीतून कळत होता. "मॅडम, मले लेक बी पायजे अन् तिची शाळा बी पायजे. तुमच्या कागदात दोन्ही बसत नसन त मोठा कागद आना. पन माह्या घराले तोडून कागदाएवढं करू नका. दोन बार केलं आमीच. आता पुरे."

कुत्र्यानं कान खाजवला. मॅडमनी उरलेली भाकर सावकाश संपवली, ताट स्वतः नेऊन मोरीत ठेवलं आणि परत येऊन पर्समधून कागद काढला. लिहिताना त्या मोठ्यानं वाचत होत्या, आम्हाला की स्वतःला, देव जाणे. "सदर कुटुंबाची स्थिती अस्थिर असून कधी सुस्थितीत तर कधी हलाखीत आढळते. बालिका आईजवळच राहणे हिताचे. शिक्षणाची मदत देऊन दरमहा गृहभेट आवश्यक."

"अस्थिर?" आत्याबाई पदराआडून म्हणाली. "माह्या घराले?"

"आत्याबाई," मॅडम म्हणाल्या, "तुमच्यामुळंच ते खरं आहे."

त्यावर माय हसली. आत्याबाईनं आधी रागानं पाहिलं, आणि मग तिचं तिलाच आवरेना.

मदत आली ती उशिरा आली, पण आली. पुस्तकं, वह्या, आणि एक गणवेश, इतका मोठा की आत्याबाई म्हणाली, सरकारले वाटलं पोरगी आपल्या डोळ्यांदेखत वाढून राह्यली. मी आठवीला बाभुळगावला जाऊ लागले. वेचणीची ओटी मायनं उसवून तिचं माझं दप्तर केलं. मुकादमाला ती म्हणाली, दोन हात पाहिजेत तर माझेच दोन आहेत, घ्या नाहीतर राहू द्या. कधी घेई, कधी नाही. ते दिवस सोपे झाले असं मी म्हणणार नाही. पण मी शाळेत होते आणि संध्याकाळी घरी होते.

आणि मॅडम दर महिन्याला यायच्या. रीत काही मोडली नव्हती; त्या वस्तीच्या तोंडाशी दिसल्या की कोतवालाची खुर्ची धावत आमच्या घरी. मग मॅडम खुर्चीसमोर उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "खुर्ची कोणाची?" आत्याबाईला उत्तर द्यावं लागायचं. जन्मभर जे तोंडातून काढलं नाही ते दर महिन्याला, "कोतवालाची," पहिल्यांदा दात आवळून, पुढं पुढं गाणं म्हटल्यासारखं. त्यानंतरच मॅडम बसायच्या. मला आता वाटतं, सरकारी कामात याहून अवघड सत्य क्वचितच कोणी बोललं असेल.

मी दहावी झाले त्या उन्हाळ्यात जिन कायमचा मोडला. रेचे, पत्रे, तराजू, सगळं लिलावात. माय तिकडं गेली होती, आणि येताना डोक्यावर एक खुर्ची घेऊन आली. जिनाच्या मुनीमाची. हातांची, एक हात थोडा हलता. ज्या खुर्चीपुढं ती आणि माझा बाप मजुरीसाठी वर्षानुवर्षं हात पुढं करून उभे राहिले होते, ती तिनं अंगणात ठेवली, ओल्या फडक्यानं पुसली आणि आत निघून गेली. बसली मात्र नाही. आत्याबाईनंही कोणाला बसू दिलं नाही. पाटणे मॅडम यायच्या होत्या.

त्या आल्या. आत्याबाई दारात उभी. विचारायच्या आधीच म्हणाली, "बसा. खुर्ची घरची हाये."

मॅडम तिच्याकडं पाहतच राहिल्या. "आत्याबाई, पुन्हा?"

"पुन्हा कायचं? घरची हाये म्हनतो ना."

मॅडमनी मान वळवून गल्लीपलीकडं पाहिलं. कोतवाल आपल्या ओसरीवर, आपल्या सागवानी खुर्चीत, दोन्ही हातांवर दोन्ही हात टेकून बसला होता. बसायची सवय नसल्यानं जरा अवघडून. त्यानं तिथूनच मॅडमना नमस्कार केला.

मग मॅडम खाली बसल्या. हलता हात चाचपून पाहिला. पर्समधून कागद काढला, पण पेन उघडलं नाही. "आत्याबाई, खुर्ची घरची म्हणून लिहिलं तर मदत बंद होईल."

"होऊ द्या," आत्याबाई म्हणाली. "पोरगी धावी झाली. तुमी लिवा."

आणि ती आत गेली, मटकं पालथं घालायला.